रिमोट बंद केल्यावर

४ मार्च

दादा,

नमस्कार घे, नाहीतर राहू दे. पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. पत्ता मावशीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, मी तासभर फोनवर तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने दिला. तुझा नवा नंबर काही केल्या दिला नाही. म्हणाली, "तो मला बोलेल गं." म्हणजे तुला घाबरणारी माणसंही आहेत तर. प्रगती आहे.

लिहायचं कारण असं की आपला माळा गळायला लागला. वरच्यांच्या न्हाणीघरातून पाणी झिरपतंय. सगळा माळा उपसून खाली काढला आणि अगदी मागे, जुन्या पडद्यात गुंडाळलेला तुझा रिमोटवर पळणारा नायट्रो ट्रक सापडला. चाकांवर माती तशीच. अकरा वर्षांची माती, दादा. कोणी पुसलीसुद्धा नव्हती.

मी तो टाकून द्यायच्या ढिगात ठेवला होता, खोटं कशाला सांगू. पण बाबांच्या खाटेवरून ढीग दिसतो. सकाळपासून तोंडातून शब्द नव्हता, नुसती घंटी वाजवत होते. पाणी, उशी, खिडकी, परत उशी. ट्रक दिसल्यावर घंटी थांबली. म्हणाले, "खोल."

मी म्हटलं, "काय खोलू?"

"इंजिन. जाम झालं असेल. खोल."

मावशीने तुला सांगितलंच असेल, तरी सांगते. बाबांना झटका येऊन चौदा महिने झाले. डावी बाजू गेली. बोलणं येतं, पण तुटक. पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस आता स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावू शकत नाही आणि त्याचा राग मला येऊन भेटतो, कारण समोर मीच असते. मदतीला तीन बायका येऊन गेल्या. पहिली आठ दिवस टिकली, दुसरी चार. तिसरीने चप्पलसुद्धा धड काढली नव्हती.

लिफ्ट बंद आहे आणि आपण तिसऱ्या मजल्यावर. मला घराबाहेर एका वेळी चाळीस मिनिटं मिळतात, दुपारी त्यांचा डोळा लागला की. विसाव्या मिनिटाला मी जिथे असेन तिथून परत फिरते. वाण्याच्या रांगेत माझा नंबर पुढचाच असला तरी फिरते. दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायचं काम घरूनच करते, त्यामुळे कोणाला माझी वाट बघावी लागत नाही. नीट चाललंय असं मी सगळ्यांना सांगते. तुला सांगत नाही. नीट चाललेलं नाही. मला या घरातून बाहेर पडायचंय, निदान चार दिवस. तू येऊन चार दिवस बाबांजवळ राहशील का, एवढंच विचारायला हा सगळा पाल्हाळ.

जुनं प्रकरण मी काढत नाही. तूही काढू नकोस.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

दादा,

उत्तर नाही आलं. ठीक आहे, कामात असशील. मीही कामात आहे.

इंजिन सुटलं! कसं ते ऐक. टाकीत उरलेलं तेल आत आटून त्याचा डिंक झाला होता आणि पिस्टन जागच्या जागी चिकटला होता. त्या दिवशी टाकी रिकामी करायचं कोणाला सुचणार होतं म्हणा. मी अक्कल पाजळून चालू करायची दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा दोरी तुटून माझ्या हातात आली. बाबा खाटेवरून असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई काठी घेऊन वर आल्या. त्यांना वाटलं म्हातारा पडला.

"जाम इंजिन ओढतात का गाढवा! आधी शेक दे त्याला!"

मग माझा हेअर ड्रायर आणला. एक तास मी इंजिनाला शेक देत बसले, बाबा मधेमधे आपल्या धडक्या हाताने तेलाचे थेंब सोडत बसले, आणि मी फ्लायव्हीलचं चाक बोटांनी डावीउजवीकडे हलवत राहिले. केसभर हललं. मग दोन केस. मग एकदम पूर्ण फेरा. बाबा म्हणाले, "हां." अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक आहे.

आता रोज सकाळचं आवरलं की मी त्यांना खुर्चीत बसवून टेबलाशी ओढते. ते सांगतात, मी करते. "एक सूत उलटा." "सूत म्हणजे किती बाबा?" "सूत म्हणजे सूत." माझ्या नखांत तेल बसलंय ते निघत नाही. पण खरं सांगू? या दोन तासांत घंटी वाजत नाही. घंटी वाजत नाही म्हणून मी रोज टेबल मांडते, ट्रकचं निमित्त.

काल मात्र गंमत झाली. मला पाना द्यायला म्हणून बाबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "हे धर, थोरल्या." मी धरला. त्यांच्या लक्षात आलं. मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही तुझं नाव मीच काढलं होतं.

सुटे भाग आणायला मॉडेलचं एक दुकान सापडलंय, दोन गल्ल्या सोडून. मालक एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर लावून बसतात, म्हणून मी त्यांना दोनचष्मे म्हणते. मी गेले तर म्हणाले, "जुना पिस्टन सैल झाला असणार, पिस्टन-सिलिंडरचा सेट बदला." मी म्हटलं, माझ्याकडे बावीस मिनिटं आहेत, पटकन द्या. त्यांनी दोन्ही चष्म्यांतून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माणूस स्वतः जिने चढून घरी आला, सेट घेऊन. बाबांनी त्याला हाकललं नाही. उलट पिस्टन हातात घेऊन बोटाने चाचपला आणि "काम बरं आहे" म्हणाले.

चार दिवस. एवढंच मागतेय. खरं म्हणजे दोनही चालतील.

धाकटी

७ एप्रिल

दादा,

दोन पत्रं गेली, उत्तर शून्य. निदान "येत नाही" असं तरी कळव, म्हणजे मी वाट बघायचं सोडते. पोस्टमन जिन्यात दिसला की मी मूर्खासारखी दार उघडून उभी राहते. त्यालाही आता लाज वाटायला लागली आहे.

असो. आज मागणं मोठं आहे, त्यामुळे आधी ट्रकचं सांगते. तुला तेवढं तरी वाचावंसं वाटेल.

नवीन पिस्टन बसवला. नवीन इंजिन एकदम पळवायचं नसतं हे तुला माहीत आहे, मला नव्हतं. पहिल्या पाच टाक्या सावकाश, हवा कमी, तेल जास्त, आणि प्रत्येक टाकीनंतर पूर्ण गार होऊ द्यायचं. ट्रक लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला, म्हणजे चाकं हवेत फिरतील. बाल्कनीत असा धूर केला की मास्तरीणबाई परत वर. "काय जाळताय?" बाबा म्हणाले, "काही नाही, मुलगी शिकतेय." ही मुलगी म्हणजे मी, अडतीस वर्षांची.

तेल कमीजास्त करायचा सुईचा स्क्रू मीच लावला. आवाज ऐकून. कमी तेल दिलं की इंजिन किंचाळतं, भारी पळतं आणि करपतं. जास्त दिलं की गुदमरतं. मधली एक जागा असते आणि ती कानाला कळते. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बस. हात काढ." दोनचष्मे तिथेच होते. ते म्हणाले, "हा कान शिकवून येत नाही."

आणि मग मूळ गोष्ट. दोनचष्म्यांच्या भावाचं एक वर्कशॉप आहे, दुसऱ्या शहरात, तुझ्या गावावरूनच पुढे जायचं. फवारणीचे पंप, लाकूडकापीच्या करवती, मॉडेलची विमानं, म्हणजे सगळी छोटी इंजिनं दुरुस्त होतात. तीन महिने शिकवतात, तिथेच राहायची खोली, आणि काम जमलं तर पुढे नोकरी पक्की. त्यांनी माझ्याबद्दल लिहून टाकलं आणि तिकडून बोलावणं आलं. १ जूनला हजर व्हायचं. त्या दिवशी गेले नाही तर जागा दुसऱ्याला, त्यांच्याकडे यादी आहे.

दादा, मला कोणी वय विचारलं नाही. घरात कोण आजारी आहे हे विचारलं नाही. विचारलं फक्त, कार्ब्युरेटर एकटीने जुळवता येतो का. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. आनंदाने रडले असं वाटलं होतं. पण नळ बंद करताना घंटी वाजली आणि मला कळलं की मी काही कुठे जात नाहीये.

तुझं घर तळमजल्यावर आहे, मागे अंगण आहे आणि वहिनी स्वभावाने चांगली आहे, हे मावशी सांगते. बाबांना तीन महिने ठेवून घे. किंवा इथे ये. काहीही कर, पण १ जूनच्या आधी कर. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगेन.

बाबा तुला "या घरात परत पाय ठेवू नकोस" म्हणाले होते, माहीत आहे मला. मी तिथेच उभी होते. पण त्या माणसात आणि आताच्या माणसात फरक आहे रे. आता त्यांना स्वतःचाच पाय ठेवता येत नाही.

धाकटी

२२ एप्रिल

दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता न वाचता पाकिटात घालणार आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घे.

दोनचष्म्यांनी जुना रिमोट बघितल्या बघितल्या बाजूला ठेवला आणि नवा लावायला सांगितला. सुकाणूची मोटरही नवी, धातूच्या दात्यांची. नव्या रिमोटमध्ये फेलसेफ म्हणून सोय असते. तुझ्या जुन्यात नव्हती. रिमोटचा संपर्क तुटला की ट्रक आपण होऊन इंजिन मंद करतो आणि ब्रेक लावतो. ते म्हणाले, "ही तपासल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवायची नाही. ठोकळ्यावर चढवा, चाकं फिरू द्या, आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत."

मी ठोकळ्यावर चढवला. इंजिन चालू केलं. चाकं फिरायला लागली. रिमोट बंद केला.

चाकं थांबली.

बाबा म्हणाले, "छान. परत कर." आणि मी जमिनीवर बसले ती उठलेच नाही. बाबांना वाटलं मला चक्कर आली. घंटी वाजवायला लागले. माझ्यासाठी मलाच बोलवायला.

अकरा वर्षांपूर्वी त्या रविवारी ट्रक थांबला नाही दादा, कारण तुझ्या रिमोटमधले चार सेल मी काढले होते. शनिवारी दुपारी. माझ्या छोट्या रेडिओचे संपत आले होते, कपड्यांचा ढीग इस्त्री करायचा होता, आणि तुझा रिमोट समोर पडला होता. तुझे चांगले सेल मी घेतले, माझे अर्धमेले तुझ्यात घातले. संध्याकाळी नवीन आणून बदलणार होते. विसरले. एवढीच गोष्ट आहे. यापेक्षा मोठी असती तर बरं झालं असतं.

तू मैदानात ट्रक पळवलास, रिमोट मेला, ट्रक तसाच सुसाट सुटला आणि आई तिथेच दोरीवरच्या वाळलेल्या चादरी काढत होती. ट्रक तिच्या पायांवर आदळला, ती पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बाबा धावत आले. तुझ्या हातातला रिमोट बघून म्हणाले, "सेल तपासले होतेस?" तू म्हणालास, "शुक्रवारीच नवीन घातले." ते म्हणाले, "खोटं बोलतोस, वर तोंड करून?" चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. ते अकरा वर्षं निघालं नाही.

तीन आठवड्यांनी तू बॅग उचललीस. आई पुढे सहा वर्षं काठी घेऊन चालली आणि एकदाही कोणाला बोलली नाही. ती गेली तेव्हा तू आलास, दोन तास थांबलास, बाबांकडे न बघता परत गेलास. मी तुला जिन्यापर्यंत सोडायला आले होते, आठवतं? तेव्हा सांगणार होते. तू म्हणालास, "बाबांना सांभाळ." मी म्हटलं, "हो."

मला स्थळं आली ती मी का नाकारली, बाहेरगावच्या दोन नोकऱ्या का सोडल्या, हे सगळे विचारायचे. मी म्हणायची, बाबांचं कोण बघणार. खरं हे होतं की मी तुला घरातून घालवलं होतं, तर तुझ्या वाटणीचंही मीच करायला हवं होतं. मी स्वतःला शिक्षा दिली होती आणि ती भोगत होते. फार चोख भोगली, विचार कोणालाही.

आता तू येणार नाहीस, कळतंय. मी तुझ्या जागी असते तर मीही आले नसते. १ जून सोडून दे. तुला खरं कळावं म्हणून लिहिलं, दुसरं काही मागायचं नाही.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

धाकटी

६ मे

दादा,

आधीच्या तीन पत्रांना तुला वेळ नव्हता. चौथ्या पत्राला आठ दिवसांत उत्तर आलं. एका कागदाची एक बाजू. मी ते इतक्या वेळा वाचलंय की घडीवर फाटलंय. तुझंच तुला परत वाचून दाखवते, कारण लिहिताना तू काय लिहितोयस हे तुला कळलं नसावं.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी माझ्या सेलना तुझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचो, सेट एकत्र राहावा म्हणून. उघडून पाहिलं तर चारही सेलना ठिपका नव्हता, आणि ठिपक्याचे चार तुझ्या रेडिओत होते. तू लहान होतीस, तुला बोलणी बसू नयेत म्हणून मी गप्प राहिलो. आणि मला तसंही निघायचंच होतं, इकडची नोकरी महिनाभर आधीच पक्की झाली होती, बाबांना सांगायची हिंमत होत नव्हती. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. झालं गेलं. बाबांचं म्हणशील तर आमच्याकडे सध्या अडचण आहे. तुझं तिथे बस्तान बसलेलं आहे, तेच बरं."

लहान! मी सत्तावीस वर्षांची होते रे!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हलकं वाटलं, खोटं नाही सांगत. वाटलं, दादाने माझ्यासाठी केलं. दिवसभर गुणगुणत होते. बाबांनी विचारलंसुद्धा, "काय झालंय?" मग भांडी घासताना एकेक वाक्य परत आठवायला लागलं आणि हातातलं पातेलं मी भिंतीवर मारलं. पोचा आलाय, पातेल्याला.

तुला निघायचंच होतं. नोकरी खिशात होती. बाबांसमोर उभं राहून "मी जातो" म्हणायचा धीर नव्हता, आणि देवाने तुला फुकटात भांडण दिलं. बाबांनी हाकललं म्हणून गेलो! केवढी सोय! सगळ्या नातेवाइकांना तुझी दया आली. आणि तुला माहीत होतं की चूक माझी आहे, आणि ज्याची चूक आहे तो माणूस घरात गप्प बसून राबणार. जिन्यात "बाबांना सांभाळ" म्हणालास तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं तुला, "मला ठाऊक आहे, सोड आता." तेवढं बोलला असतास तर मी त्याच आठवड्यात श्वास घेतला असता.

माझी चूक ती माझीच. सेल मी काढले, आई माझ्यामुळे पडली, हे मी मरेपर्यंत कोणाच्या माथी मारणार नाही. पण तुझं जाणं माझ्या डोक्यावर होतं आणि ते माझं नव्हतंच. अकरा वर्षं मी तुझं ओझं वाहिलं, आणि तू लांबून बघत होतास.

बस्तान म्हणतोस? ये बघायला माझं बस्तान. खिडकीला गज आहेत, दाराला कडी आहे आणि मधे एक घंटी आहे.

आज सही करत नाही. अक्षर ओळखशील.

२० मे

दादा,

आता मी शांत आहे. हे पत्र व्यवहाराचं आहे, पण आधी एक दिवस सांगते.

रविवारी बाबांना खाली नेलं. चौदा नाही, आता सोळा महिन्यांनी. लाकडी खुर्चीला पट्टे बांधले, पुढून दोनचष्मे, मागून मी, मधे प्रत्येक मजल्यावर थांबत. मास्तरीणबाई पुढे चालून "पायरी, पायरी, आता वळण" असं सांगत होत्या, आम्हाला पायऱ्या दिसत असताना. बाबा डोळे गच्च मिटून. बारा मिनिटं लागली. बारा मिनिटं, दादा! मी दीड वर्ष समजत होते की हा माणूस खाली उतरूच शकत नाही. विचारलंच नव्हतं कोणाला.

मागच्या मैदानात गेलो. आधी मैदान रिकामं आहे ना बघितलं, दोरीवर कपडे नाहीत ना बघितलं. ट्रकने काय धाव घेतली! मी दोन फेऱ्या मारल्या आणि रिमोट बाबांच्या उजव्या हातात दिला, डावीकडून मी धरला. ते हसत होते. माझ्या वडलांना इतके दात आहेत हे मी विसरले होते.

तिथेच त्यांना सांगितलं. सेलचं सांगितलं, आणि तुझं पत्रही वाचून दाखवलं, सगळं, नोकरी आधीच पक्की होती त्यासकट. तू म्हणशील मी चुगली केली. केली.

ट्रक मधोमध उभा फुरफुरत होता. बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे घरात मी एकटाच मूर्ख होतो."

मी म्हटलं, "बाबा, मारा मला हवं तर."

"हाताने होतं का ते आता." मग म्हणाले, "तुझ्या आईला मी म्हणायचो, पोरगा खोटारडा निघाला. ती म्हणायची, तुम्ही नीट विचारलं नाहीत. नाही विचारलं." आणि त्यांना रडू आलं. डावा डोळा पुसता येत नाही त्यांना, तो मी पुसला. माझ्यावर रागावले आहेत. चार दिवस झाले, हाक मारताना नाव घेत नाहीत. पण मी १ जूनचं सांगितलं तेव्हा लगेच विचारलं, "तिथे लेथ आहे का?" मी म्हटलं, एक छोटा आहे. "मग जा."

मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"थोरल्याला विचार."

"विचारून झालं, बाबा. तीनदा. आता कळवतेय."

तर कळवते. ३० तारखेला सकाळी साडेसातला आमची गाडी तुझ्या गावात पोचते. तिथून घरापर्यंतची गाडी मी ठरवली आहे. बाबांच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावल्या आहेत, महिनाभराच्या. व्यायामाचा कागद सोबत आहे. उशी दोन लागतात, एक डोक्याखाली, एक डाव्या हाताखाली. रागावले तर रागावू दे, दहा मिनिटांत राग उतरतो. रोज दोन तास काहीतरी खोलून टेबलावर पसर, मिक्सर, पंखा, काहीही, म्हणजे माणूस माणसात राहतो. वहिनीला माझा नमस्कार सांग आणि तिला हे पत्र दाखव. सगळी अडचण तिची नसावी असं मला वाटतं.

तीन महिन्यांनंतर त्यांनी कुठे राहायचं ते आपण तिघं बसून ठरवू. तोंडाने, एकमेकांसमोर.

बाबांनी एक ओळ लिहायला सांगितली आहे: तो खरं बोलत होता आणि मी ऐकलं नाही, हे माझ्या नावाने लिही. लिहिलं. तुला अजून काय म्हणायचं असेल ते त्यांना समोर म्हण. तेही तुला बरंच म्हणणार आहेत, गाडीत पाठ करतील.

मी आत येणार नाही. माझी पुढची गाडी सव्वानऊची आहे आणि मला ती चुकवायची नाही. तुझ्या दारापर्यंत बाबांना मी धरून आणेन. उंबऱ्याच्या आत तू धरायचंस.

धाकटी